जीपी न मारलेल्या एकतीस अंगठ्या

त्यानं बूट काढले, पण दाराशी ठेवले नाहीत. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, बूट तिच्यात घातले, पिशवीला गाठ मारली आणि ती काखोटीला मारून तो माझ्या घरात शिरला. खरं तर मी तिथेच घाबरायला हवं होतं.

"बूट बाहेर ठेवा की," मी म्हणाले.

"राहू द्या, आई. बाहेर बूट दिसले की शेजारीपाजारी उगाच चौकशा करतात."

मला मूलबाळ नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला आई म्हणणारा हा पहिलाच, आणि तोही पांढरे हातमोजे घातलेला. दोन दिवसांपूर्वी टपालपेटीत चिठ्ठी पडली होती: जुने कपडे, जुनी भांडी, मोडके रेडिओ, काहीही विकत घेऊ. माझ्या नवऱ्याचे, शिगेकाझुचे, दोन कोट कपाटात लटकत होते. बघवत नव्हते आणि टाकवतही नव्हते. म्हणून चिठ्ठीवरच्या नंबरावर मीच फोन केला, मीच पत्ता सांगितला, आणि पायऱ्या जपून चढा असंही मीच सांगितलं. दोष द्यायचा तर मलाच द्यायला हवा.

माणूस पंचेचाळिशीचा, नीटनेटका. कार्डावर नाव सावादा. पडवीत वाळत टांगलेल्या पर्सिमन फळांच्या माळांचं त्यानं तोंडभर कौतुक केलं. मग मागे वळून दाराला आतून कडी लावली.

"वारं फार आहे, आई."

त्या दिवशी आमच्या कोफू शहरात पान हलत नव्हतं. चांगल्या घरातल्या बाया पाहुण्याला खोटं पाडत नाहीत, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्या शिकवणीनं आमच्याकडच्या किती म्हाताऱ्या लुबाडल्या गेल्या असतील कोण जाणे.

कोटांची घडीसुद्धा त्यानं उलगडली नाही. "छान आहेत," म्हणाला. "बाकी काय आहे? सोनं, प्लॅटिनम? मुलामा असला तरी चालेल."

"काही नाही."

"सगळ्या आया आधी नाहीच म्हणतात," तो हसला आणि बसला. बसला तो नेमका माझ्या आणि फोनच्या मधे. "आणि मग सापडतं. आपण दोघं मिळून शोधू."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. तो हळू बोलत होता, दर वाक्याला मान लववत होता. अर्धा तास गेला, पाऊण गेला. मी म्हणाले, आता मला स्वयंपाकाचं बघायचंय. तो म्हणाला, बघा की, मी थांबतो. मी म्हणाले, माझा पुतण्या येईल. तो म्हणाला, येऊ दे, त्यालाही भेटू. मला पुतण्या नाही. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं मान जरा जास्तच लववली.

मग तो उठला, नवऱ्याच्या फोटोसमोर गेला, हात जोडले, घंटी वाजवली, उदबत्तीसुद्धा लावली. आणि उदबत्ती लावता लावता त्यानं देव्हाऱ्याखालचा डावा खण ओढला. लोक मौल्यवान वस्तू त्याच खणात ठेवतात, हे त्याला पाठ होतं.

खणात शिगेकाझुची साखळी होती, जाडजूड चपट्या कड्यांची. आम्ही दोघंही होसाकांच्या दागिन्यांच्या कारखान्यात होतो, तो घडणीला, मी ठशांवर. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी, थोरल्या होसाकांनी, त्याला सोनं दिलं आणि म्हणाले, आता स्वतःसाठी काहीतरी कर. त्यानं ही साखळी केली. तिच्या कडीवरच्या तांदळाएवढ्या पट्टीवर के-१८ हा ठसा मी मारला. माझ्या हातचा तो शेवटचा.

ठशांचं काम लोकांना सोपं वाटतं. हातोडी घ्या, ठोका, झालं. तेहतीस वर्षं मी तेच केलं आणि तेहतीस वर्षं माझा हात ठोकण्याआधी क्षणभर थांबायचा. के-१८ म्हणजे चोवीस भागांतले अठरा भाग सोनं. त्यापुढे जीपी असेल तर सोनं फक्त कातडीपुरतं, आत पितळ. दोन अक्षरांचा फरक. विकत घेणाऱ्याला आतलं दिसत नसतं, त्याला फक्त ठसा दिसतो. थोरले होसाका म्हणायचे, "तोमिएबाई, घडवणाऱ्याचा हात चुकला तर दागिना वाकडा होतो. तुमचा चुकला तर माणूस खोटा ठरतो." मला ते बोलणं तेव्हा जरा जादा वाटायचं.

सावादानं डोळ्याला भिंग लावलं, पट्टी उजेडाकडे धरली आणि चुकचुकला.

"काय हो आई. जीपी आहे हे. मुलामा."

जीपी नव्हतं. असायचा प्रश्नच नव्हता. त्या पट्टीवर दुसऱ्या ठशाला जागाच उरत नाही इतकी ती लहान होती.

"नीट बघा, इथे. दिसलं का?" त्यानं भिंग माझ्या डोळ्यापुढे धरलं. दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. हात जड नव्हता, पण उचललाही नाही. "जीपीच आहे ना, आई?"

भिंगातून मला माझाच ठसा दिसत होता, स्वच्छ, सरळ.

मी मान हलवली. हो म्हणाले. माझ्या हातानं मारलेला खरा ठसा मी माझ्या तोंडानं खोटा म्हटला, आणि लाज वाटायलाही मला फुरसत नव्हती.

साखळी त्याच्या पिशवीत गेली. मला वाटलं, झालं, आता जाईल. पण त्याची नजर माझ्या डाव्या हातावर होती.

"ती अंगठी?"

ती लग्नातली. शिगेकाझुनंच केलेली. बावन्न वर्षं बोटात आहे, आणि गेली वीस वर्षं निघत नाही, सांधा सुजलाय.

"निघत नाही," मी म्हणाले.

"सगळ्यांच्या निघतात." त्यानं माझा हात हातात घेतला. स्वयंपाकघरातून साबण आणला, बोटाला चोळला, अंगठी पिरगाळली. सांध्याशी येऊन ती अडली. त्यानं पुन्हा जोर लावला. मी दात आवळून धरले. माझ्या तोंडून कण्हणं निघालं, तसा तो म्हणाला, "माफ करा हं, आई," आणि पुन्हा पिरगाळली.

मग त्यानं बॅगेतून एक पकडीसारखं हत्यार काढलं, त्याला छोटं गोल पातं होतं. मी ते ओळखलं. आमच्या कारखान्यात असंच एक होतं, अडकलेल्या अंगठ्या कापायचं. ते चालवणारा माणूस आधी अंगठीखाली पत्र्याची जीभ सरकवतो, म्हणजे पातं बोटाला लागत नाही. याच्या हत्याराची जीभ तुटलेली होती.

"हलू नका," तो म्हणाला. "हललात तर मला काही सांगता येणार नाही."

त्यानं माझं मनगट मेजावर दाबून धरलं. पातं अंगठीला टेकलं. त्याचा गारवा मला बोटाच्या दोन्ही बाजूंना लागला. शिगेकाझु गेला त्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा सगळं संपलं होतं. इथे अजून काय काय व्हायचंय ते कळत नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "आणखी आहे. खूप आहे. ही एक राहू द्या."

पातं थांबलं.

मी उठून कपाटाशी गेले. कपाटाच्या तळाशी, अंथरुणांच्या मागे, चहाचा एक जुना डबा होता. त्याच्याबद्दल शिगेकाझुलाही माहीत नव्हतं. तो डबा मी त्याच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं.

आत एकतीस अंगठ्या होत्या, पिवळ्याधमक. वर्षानुवर्षं उजेड न लागल्यामुळे अगदी नव्यासारख्या.

या अंगठ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यांच्यामुळे. बावीस वर्षांपूर्वी कारखान्याला मुलाम्याच्या अंगठ्यांची मोठी ऑर्डर आली होती. अशा अंगठीला आधी पितळेवर ठसे मारायचे आणि मग ती मुलाम्याला पाठवायची. होसाका काटकसरी, त्यांच्याकडे के-१८ चा ठसा वेगळा आणि जीपीचा वेगळा. आधी थाळीतल्या सगळ्या अंगठ्यांवर एक मारायचा, मग दुसरा. त्या दिवशी दुपारी माझ्या आईला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. एका थाळीवर पहिला ठसा मारून झाला होता. मी थाळी सरकवली आणि धावले. परत आले तेव्हा अंगठ्या मुलामा चढून आल्या होत्या. एकतीस पितळी अंगठ्या, आत फक्त के-१८, जीपी नाही. मुलाम्यावर ठसा मारला तर तो तडकतो, म्हणून दुरुस्तीही नाही. होसाकांनी रागावायचं सोडून माझ्या आईची चौकशी केली आणि म्हणाले, "ठेचून भंगारात टाका, तोमिएबाई. एकही बाहेर जाता कामा नये."

मी त्या घरी आणल्या. दुसऱ्यांसमोर ठेचायची लाज वाटत होती. घरी शिगेकाझुसमोर लाज वाटली. होसाकांना सांगितलं, ठेचल्या. उद्या ठेचू, रविवारी ठेचू, असं करत बावीस वर्षं गेली. आई त्याच आठवड्यात गेली होती. तो डबा उघडला की मला तो दवाखाना आठवायचा, म्हणून मी तो उघडतही नव्हते. कारण सांगतेय, सबब म्हणून नाही.

सावादानं एक अंगठी उचलली, भिंग लावलं. दुसरी उचलली. तिसरी. त्याचा श्वास बदलला. बॅगेतून लोहचुंबक काढलं आणि डब्यावरून फिरवलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, आणि मला कळलं की हा आता एखादी अंगठी घासून बघेल. घासली की संपलं. मग पुन्हा माझा हात मेजावर.

तेव्हा मी जे केलं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी डब्यावर झडप घातली. दोन्ही हातांनी तो छातीशी धरला आणि रडायला लागले. रडणं खरंच होतं, तेवढं तरी खोटं करावं लागलं नाही.

"नको," मी म्हणाले. "हे नको नेऊ. मी तेहतीस वर्षं होसाकांकडे ठसे मारलेत. हा माझा ठसा आहे. आमच्याकडे के आकड्याच्या आधी असतो, नंतर नाही. के नंतर असलेला माल बाहेरचा, त्याचा भरवसा नाही. हा अस्सल आहे. हे माझ्या म्हातारपणाचं आहे."

भिंग लावून तो जेवढं बघू शकला असता त्याहून जास्त त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. घाबरलेल्या म्हातारीचं तोंड तो रोज बघत असणार. ते खरं आहे की नाही हे त्याला बरोबर कळत होतं, आणि ते खरंच होतं.

"आई," तो मऊ आवाजात म्हणाला आणि माझी बोटं एकेक करून डब्यावरून सोडवली, "तुम्हाला कोणीतरी फसवलंय. मुलामा आहे हा सगळा. किंमत शून्य."

आयुष्यात तो पहिल्यांदा खरं बोलत असावा, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मेजावर त्यानं तीन हजार येन ठेवले. पावती नाही. पायरीवर बसून सावकाश बूट घातले, नाड्या बांधल्या. जाता जाता वळून म्हणाला, "आता ओळख झाली, आई. येत जाईन." मी कडी लावली, खुर्ची दाराला टेकवली आणि तिच्यापाशीच बसून राहिले.

थोड्या वेळानं मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मी हसले. पितळ नेलंस मेल्या, पितळ. साखळी गेली होती, पण बोट होतं, बोटात अंगठी होती. लाल झालेल्या सांध्याला मी तेल लावलं. भोपळा आणि जाड शेवया घातलेलं कालवण गरम केलं आणि वाडग्यातून खायला लागले.

दुसऱ्या घासाला माझा हात थांबला.

तो त्या अंगठ्या फेकून देणार नव्हता. त्याला त्या खऱ्या वाटत होत्या आणि तो त्या विकणार होता. विकताना समजा कोणी घासून पितळ दाखवलं, तरी तो फेकणार नव्हता, कारण आत के-१८ होतं. ज्याला घासायचं कळत नाही अशा कुणालातरी देणार होता. आत माझा ठसा होता. एकतीस माणसं तो वाचणार होती आणि विश्वास ठेवणार होती. मी वाडगा खाली ठेवला. सावादा घरात होता तेव्हा निदान तो कुठे बसलाय ते मला दिसत होतं. या एकतीस जणांपैकी मला कोणीच दिसत नव्हतं.

सकाळी मी पोलीस चौकीत गेले. तिथला पोलीस तरुण आणि भला होता. साखळी, पकड, हातमोजे, सगळं त्यानं नीट लिहून घेतलं. अंगठ्यांचं सांगितलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं आणि खो खो हसला.

"आजी, तुम्ही तर त्यालाच गंडवलंत. कमाल केलीत."

"लिहा ना ते," मी म्हणाले. "एकतीस. आत के-१८. इंग्रजी केचा खालचा पाय जरा तोकडा आहे, माझा ठसा तिथे झिजलेला होता. त्यावरून ओळखता येतील."

"आजी, हे लिहिलं तर तुम्हीच अडकाल. खोट्या ठशाचा माल तुम्ही त्याला दिलात असं होईल. मी ऐकलंच नाही असं समजू या." त्यानं मला चहा दिला आणि घरापर्यंत सोडायला आला. दारात शेजारच्या अमेमियाबाई उभ्या होत्या. त्यांना कसं कळलं देव जाणे, त्यांना सगळं कळतं. दोन दिवसांत गल्लीभर माझं नाव झालं. भाजीवालीनं मुळा फुकट दिला. "तोमिएबाई म्हणजे पोचलेली बाई," अमेमियाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. मी घरात कडी लावून बसले होते आणि बाहेर माझं कौतुक चाललं होतं.

शेवटी मी धाकट्या होसाकांना फोन केला. वडील गेल्यावर त्यांनी स्टेशनजवळ दागिन्यांचं दुकान काढलंय, पाटीवर तेच घराण्याचं नाव. मी सगळं सांगितलं.

"काकू," ते म्हणाले, "तुम्ही बाबांना काय सांगितलं होतंत?"

"ठेचल्या म्हणून."

"मग ठेचल्याच. बाबांनी ते मानलं, मीही मानतो. तुम्हीही माना." त्यांचा आवाज खाली आला, त्यांनाही भीती वाटत होती हे मला ऐकू आलं. "काकू, आमच्या दुकानाचं नाव यात आलं ना, तर मला शटर ओढावं लागेल. तुम्हालाही तोंड वर करून बोलता येणार नाही. या वयात कोर्टात उभ्या राहणार आहात का? गप्प बसा. पाया पडतो."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि गप्प बसले. आठ दिवस बसले. आठही दिवस रात्री डोळा लागला की कोणीतरी माझ्यापुढे बोट धरायचं, आणि त्या बोटाला चेहरा नसायचा.

नवव्या दिवशी टपाल कचेरीतून साठ पोस्टकार्डं आणली. होसाकांचं नाव घालायचं नाही एवढं ठरवलं, बाकी सगळं घालायचं. फोनबुकातून कोफूतली आणि आसपासच्या गावांतली गहाणवट दुकानं, जुनं सोनं घेणारे, अंगठी लहानमोठी करून देणारे कारागीर, एकेकाचा पत्ता उतरवला. प्रत्येक कार्डावर तोकड्या पायाचा के काढला आणि खाली लिहिलं: हा ठसा असलेली, जीपी नसलेली अंगठी आली तर ती पितळेची आहे. आणणाऱ्याला फसवणारा समजू नये. ठसा मी मारला आहे. नाकागोमी तोमिए. पत्ता. फोन.

पत्ता लिहिताना हात थांबायचा. सावादाला हे कार्ड दिसलं तर? पोलिसांना दिसलं तर? ठसा मारण्याआधी थांबायचा तसाच थांबायचा, आणि मग मी लिहायची.

डिसेंबर गेला. नव्या वर्षाचे मोची, म्हणजे तांदळाचे उंडे, खाल्ले. दाराशी पाऊल वाजलं की मी दचकायची. फोन वाजला की त्याहून जास्त. एकदा कुणीतरी नुसता श्वास घेऊन फोन ठेवला, त्या दिवशी मी खुर्ची पुन्हा दाराला लावली.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन आला. म्हातारा आवाज, जवळच्या निरासाकी गावचा कारागीर.

"नाकागोमीबाई का? कार्डवाल्या?"

"हो."

"आलीय एक. लहान करायला आणली होती. मी कापली, आत पितळ." तो थांबला. "बाई, माझ्याकडून मूर्खपणा झाला. कार्ड आठवायच्या आधी मी त्या मुलीला बोलून गेलो की नवऱ्यानं तुला पितळ घातलंय. ती समोर बसलीय. बोलत नाहीये. लग्नाला दोन आठवडे झालेत. तुम्हीच सांगता का काही?"

मी नको म्हणणार होते. मी कोण, मला काय बोलता येतं, असं बरंच काही जिभेवर आलं होतं. पण त्यानं फोन तिच्या हातात दिलासुद्धा. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि हा श्वास मला ओळखीचा वाटला, कारण मेजावर हात दाबलेला असताना माझा असाच चालला होता.

"मुली," मी म्हणाले, "माझं नाव नाकागोमी तोमिए. ती अंगठी खोटी आहे. तिच्यातला ठसा मी मारलाय. त्यावर आणखी एक ठसा हवा होता, तो मी मारला नाही. मग ती ठेचायला हवी होती, तीही ठेचली नाही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा खरी आहे म्हणून देऊन टाकली."

"त्याला माहीत होतं का?" तिनं विचारलं. आवाज अगदी लहान होता. "यानं मला घेऊन दिली तेव्हा, याला माहीत होतं?"

"त्यानं आत काय वाचलं असेल सांग बरं."

"के-१८. मला दाखवलं होतं त्यानं. दुकानात उजेडाला धरून. बघ म्हणाला, खरं आहे."

"मग त्यानं जे वाचलं ते त्यानं मानलं. मानावं म्हणूनच ठसा असतो. त्यानं तुला फसवलं नाही. त्यालाही मीच फसवलं."

ती रडायला लागली. मी फोन धरून उभी राहिले. काय करतात अशा वेळी मला माहीत नव्हतं, मी कुणाची आई नव्हते. मग कारागिरानं फोन घेतला आणि म्हणाला, "झालं काम. निघाली ती, घरी जाते म्हणाली." मी त्याला त्या नवऱ्याचं नाव, अंगठी कुठल्या दुकानातली, सगळं विचारून घेतलं आणि म्हटलं, पोलिसांनी विचारलं तर माझं नाव सांगा, लपवू नका.

मी फोन ठेवला. तीस राहिल्या आहेत. मी खाली बसले, कार्डांची यादी पुढे ओढली, निरासाकीपुढे खूण केली आणि ज्या गावांना अजून कार्डं गेली नव्हती त्यांची नावं लिहायला घेतली.